दोषाचें मौन

नीतिशास्त्राचे प्रश्न मोठ्या प्रसंगींच उभे राहतात, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. राज्य सोडावें कीं वचन सोडावें, मित्राला वाचवावें कीं कायद्याला मान द्यावा, अशा पेचांचीं उदाहरणें ग्रंथांतून वाचून आपण इतके सरावतों कीं, दिवाणखान्याच्या कोपऱ्यांत पडलेली एखादी वस्तुहि तितकाच कठीण प्रश्न विचारूं शकते, हें आपल्या ध्यानांतच येत नाहीं. गेल्या पावसाळ्यांत आमच्या घरीं असा एक प्रश्न उभा राहिला. तो उभा करणारी वस्तु म्हणजे माझ्या भाच्याचा ध्वनिवर्धक. आणि प्रश्न असा कीं, जो दोष सध्यां दिसत नाहीं तो आहे म्हणावें कीं गेला म्हणावें, आणि विकणारानें घेणाराला यांपैकीं काय सांगावें?

प्रथम त्या वस्तूची ओळख करून देणें भाग आहे. माझा भाचा 'बेस गिटार' नांवाचें वाद्य वाजवतो. पूर्वीं पाश्चात्त्य वाद्यवृंदांत खर्जाचें काम माणसाएवढ्या उंचीचें 'डबल बेस' हें वाद्य करीत असे. १९५१ सालीं अमेरिकेंतील कॅलिफोर्नियांत लिओ फेंडर यांनीं तेंच काम गळ्यांत अडकवतां येईल अशा, विजेवर चालणाऱ्या चार तारांच्या गिटारीकडे सोंपवलें, आणि थोड्याच वर्षांत तें वाद्य जगभर पसरलें. त्याची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारें ४१ वेळां कंप पावते. वाद्याचें अंग भरीव लांकडाचें. आपल्या तंबोऱ्यासारखा पोकळ भोपळा त्याला नाहीं. त्यामुळें नुसती तार छेडली तर ती चार हातांवर बसलेल्या माणसालाहि नीट ऐकूं येत नाहीं. तारेच्या कंपांपासून उत्पन्न होणारी क्षीण वीज बलवान करून तिला कर्ण्यांतून पुन्हां नादाचें रूप देण्याचें काम ध्वनिवर्धकाचें. तरुण मंडळी त्याला नुसतें 'अँप' म्हणतात. गाण्यांत या वाद्याचें स्थान तंबोऱ्याच्या खर्जासारखें आहे. वाजत असतां त्याच्याकडे फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं. थांबलें तर मात्र गाणें एकाएकीं उघडें पडल्यासारखें वाटतें.

भाच्याचा हा अँप वापरलेलाच विकत घेतलेला होता. पंधरा इंची कर्ण्याची ती पेटी उचलावयाला दोन माणसें लागतात. गणेशोत्सवांत आणि लग्नसमारंभांत चित्रपटगीतें सादर करणाऱ्या एका वाद्यवृंदाबरोबर ती दोन वर्षें गांवोगांव हिंडली. गेल्या वैशाखांत तिला एक विकार जडला. वाजतां वाजतां मध्येंच खरखर होई. तापल्या तेलांत मोहरी तडतडावी तसा आवाज दोन-चार क्षण येई, कधीं मूळ नादच एकदम खालीं बसे, आणि मग सारें पूर्ववत्. एखाद्या कार्यक्रमांत असें तीन वेळां होई. मग पुढच्या चार कार्यक्रमांत मुळींच होत नसे. पेटी दुरुस्तीच्या दुकानांत नेली, तर तेथें तिनें तास-दीड तास अगदीं निर्मळ आवाज दिला. दुकानदार भला माणूस. तो म्हणाला, "दोष दिसला तर काढूं. न दिसणाऱ्या दोषाला काय करणार?" पेटी जशी नेली तशी परत आली, आणि त्याच रात्रीं मंडपांत खरखरली.

जो दोष सतत असतो तो एका अर्थीं प्रामाणिक असतो. तो आपल्या जागीं उभा राहतो, आणि शोधणारा त्याच्यापर्यंत पायरीपायरीनें जाऊं शकतो. अधूनमधून येणारा दोष मात्र पाहूं गेलें कीं नाहींसा होतो, आणि आपण पाठ फिरवली कीं परत येतो. आपल्या प्राचीन वैद्यांना या जातीच्या दोषाची चांगली ओळख होती. एक दिवसाआड किंवा दोन दिवसांआड येणाऱ्या तापाचें, म्हणजे विषमज्वराचें, विवेचन करतांना चरकसंहितेंत जमिनींत पडून राहिलेल्या बीजाची उपमा दिली आहे. बीज दिसत नाहीं म्हणून तें नाहीं असें नव्हे. काळ अनुकूल झाला कीं तें रुजून वर येतें. आजचें वैद्यकहि सांगतें कीं, हिवतापाच्या कांहीं प्रकारांत रोगजंतु यकृतांत महिनेन् महिने निद्रिस्त राहतात, आणि रोगी स्वतःला बरा समजत असतांच ताप उलटतो. ताप नसलेला दिवस आणि रोग नसलेला दिवस हे दिसण्यांत सारखे. पण ते एक नव्हेत.

शेवटीं कंटाळून भाच्यानें एका संध्याकाळीं स्वतःच उपाय आरंभले. नवी केबल आणली. सारीं बटणें पुष्कळ वेळां इकडून तिकडे फिरवलीं. पेटीच्या मागच्या बाजूच्या प्रत्येक सॉकेटांत प्लग घालून काढला. बाहेरचे स्क्रू आवळले. कर्ण्याची वायर काढून पुन्हां बसवली. आणि सारें बिऱ्हाड उचलून दुसऱ्या खोलींतल्या विजेच्या बोर्डावर नेलें. खरखर थांबली. आठ दिवस झाले, पंधरा दिवस झाले, आवाज नाहीं. मीं विचारलें, "यांतल्या कोणत्या उपायानें गेली?" तो म्हणाला, "कोणत्याहि उपायानें जाईना, मामा. गेली हें महत्त्वाचें."

कावळा बसायला आणि फांदी तुटायला गांठ पडली, म्हणजे कावळ्याच्या भारानें फांदी तुटली असें होत नाहीं, हें आपल्याकडे पोराटोरांनाहि ठाऊक आहे. पंडितांनीं यालाच काकतालीय न्याय असें नांव दिलें. येथें तर एका फांदीवर सहा कावळे एकदम येऊन बसले होते. आणि फांदी खरोखरच तुटली आहे कीं नुसती वाकली आहे, हेंहि कोणीं वर चढून पाहिलें नव्हतें. एकाच वेळीं सहा गोष्टी बदलणारा माणूस कदाचित् दोष घालवीलहि, पण त्याबरोबर तो दोषाचें ज्ञानहि घालवतो. त्या क्षणीं हें नुकसान कोणालाच जाणवत नाहीं. तें जाणवण्याची वेळ पुढें येते, आणि आमच्याकडे ती लवकरच आली.

भाच्याला याहून मोठा अँप घ्यावयाचा होता, आणि त्यासाठीं हा विकणें प्राप्त होतें. सांगलीकडचा, वसतिगृहांत राहून शिकणारा एक मुलगा वीस हजार रुपयांस तो घ्यावयाला तयार झाला. शिकवण्या करून त्यानें ते पैसे सांठवले होते. रविवारीं सकाळीं तो पेटी पाहावयाला येणार होता. गुरुवारीं रात्रीं जेवतांना भाचा म्हणाला, "मामा, गेले पंधरा दिवस अँप नीट वाजतो आहे. त्यानें विचारलें तर तेवढेंच सांगेन. न विचारलें तर बोलण्याचें कारणच नाहीं. यांत खोटें काय आहे?"

कायद्याच्या दृष्टीनें पाहिलें तर त्याच्या बोलण्यांत तथ्य होतें. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या सतराव्या कलमाखालीं एका घोड्याचीं उदाहरणें दिलीं आहेत, आणि तीं मोठीं मननीय आहेत. घोडा सदोष आहे हें ठाऊक असून विकणारा लिलावांत तो विकतो व कांहीं बोलत नाहीं. कायदा म्हणतो, ही लबाडी नव्हे. पण घेणारी ही विकणाराचीच नुकती सज्ञान झालेली मुलगी असेल, तर त्या नात्यामुळें बोलणें हें त्याचें कर्तव्य होतें. आणि घेणारानें, 'तुम्हीं नाहीं म्हटलें नाहीं तर मी घोडा निर्दोष समजेन,' असें सांगितलें असतां विकणारा गप्प राहिला, तर त्याचें तें मौन बोलण्याच्याच किंमतीचें ठरतें. म्हणजे मौनाला अर्थ असतो, आणि तो नात्यानें व प्रसंगानें ठरतो, हें कायद्यालाहि मान्य आहे. कायद्यानें मुलीपाशीं रेघ ओढली, कारण त्याला कोठें तरी ओढणें भागच असतें. नीतीला मात्र पुढें विचारावें लागतें: मुलीच्या वयाचा, मुलीइतकाच अननुभवी आणि आपल्या शब्दावर विसंबून घरीं आलेला परका मुलगा त्या रेघेच्या नक्की किती पलीकडे आहे?

हाच वाद युरोपांत दोन हजार वर्षांपूर्वीं झडून गेला आहे. रोमचा वक्ता सिसेरो यानें इ. स. पूर्वीं ४४ मध्यें अथेन्सला शिकत असलेल्या आपल्या मुलासाठीं कर्तव्याविषयीं एक ग्रंथ लिहिला. त्याच्या तिसऱ्या भागांत एका घराची गोष्ट आहे. घराचीं लांकडें कुजकीं, खोल्यांत सापांचा वावर. पण मालकावांचून हें कोणालाहि ठाऊक नाहीं. त्यानें तें न सांगतां घर विकावें काय? बॅबिलोनच्या डायोजिनीसचें मत असें कीं, मालकानें कोणावर घेण्याची सक्ति केली नाहीं. आणि आपल्या मालाचे दोष स्वतःच पुकारीत बसणें हा शुद्ध वेडेपणा होय. त्याचा शिष्य अँटिपेटर म्हणतो कीं, चुकलेल्या वाटसरूला वाट न दाखवण्यासारखेंच हें पाप आहे. किंबहुना त्याहून मोठें, कारण येथें दुसऱ्याला जाणूनबुजून चुकूं दिलें जातें. सिसेरोनें आपला कौल शिष्याच्या बाजूनें दिला.

हें सारें मीं भाच्याला सांगितलें. त्यानें शांतपणें ऐकून घेतलें आणि एकाच वाक्यानें मला गप्प केलें. तो म्हणाला, "पण त्या मालकाला साप ठाऊक होते, मामा. मला काय ठाऊक आहे?"

खरोखरच हा प्रश्न सिसेरोच्या प्रश्नाहून निराळा होता. घोडेवाल्याला घोड्याचें वैगुण्य ठाऊक होतें. घरमालकाला साप ठाऊक होते. भाच्याला कांहींच ठाऊक नव्हतें. दोष आहे असें म्हणावें तर तो पंधरा दिवस दिसला नव्हता. गेला म्हणावें तर कशानें गेला हें सांगतां येत नव्हतें. मग अज्ञान ही पळवाट होऊं शकेल काय? याचें उत्तर मला ग्रंथांत शोधावें लागलें नाहीं. तें माझ्याच आयुष्यांत पंचवीस वर्षें पडून होतें, आणि तें मीं त्या रात्रीं प्रथमच कोणाला सांगितलें.

मीं माझी स्कूटर कचेरींतील एका सहकाऱ्याला विकली होती. तिला एक खोड होती: एखाद्या वेळीं चढावर ती एकाएकीं बंद पडे, आणि दहा मिनिटें थांबलें कीं जणूं कांहीं झालेंच नाहीं अशी सुरू होई. विकण्यापूर्वीं महिनाभर मीं ती चढावर नेलीच नाहीं. तसें मुद्दाम ठरवलें होतें असें म्हणवत नाहीं. पण सहज घडलें असेंहि म्हणवत नाहीं. सहकाऱ्यानें विचारलें, "गाडीची कांहीं तक्रार?" मीं उत्तर दिलें, "गेल्या महिन्यांत एकदांहि बंद पडलेली नाहीं." वाक्य अक्षरशः खरें होतें. त्याच पावसाळ्यांत एका रात्रीं कात्रजच्या घाटांत ती बंद पडली. बरोबर त्याची पत्नी आणि तापानें फणफणलेलें लहान मूल होतें. एका ट्रकवाल्यानें त्यांना शहरांत आणून सोडलें म्हणून अनर्थ टळला. ही हकीगत मला दुसऱ्याच कोणीं सांगितली. तो स्वतः मला एका शब्दानेंहि बोलला नाहीं, आणि निवृत्त होईपर्यंत माझ्याशीं पूर्वीच्याच सौजन्यानें वागला. त्याचें तें न बोलणें मला अजून ऐकूं येतें.

ठाऊक असलेलें लपवणें हा एक अपराध झाला. पण ठाऊक होऊं नये अशा बेतानें वागणें हा त्याहून सूक्ष्म अपराध आहे. सूक्ष्म अशासाठीं कीं, तो करतांना जिभेला खोटें बोलावें लागत नाहीं. मीं स्कूटरला चढ दाखवला नाहीं, आणि मग चढावर ती बंद पडली नाहीं याचा पुरावा म्हणून उपयोग केला.

आपल्या दर्शनकारांनीं या चुकीवर नेमकें बोट ठेवलें आहे. 'येथें घट नाहीं' हें आपल्याला कसें कळतें, हा त्यांचा एक जुना वाद. भाट्ट मीमांसकांनीं आणि अद्वैत वेदान्त्यांनीं त्यासाठीं 'अनुपलब्धि' हें स्वतंत्र प्रमाण मानलें. नैयायिकांनीं तें स्वतंत्र मानलें नाहीं. पण एका अटीविषयीं दोन्ही पक्ष सावध होते. वस्तु नुसती न दिसणें पुरेसें नाहीं. ती अनुपलब्धि 'योग्य' असली पाहिजे. म्हणजे, वस्तु असती तर ती दिसलीच असती अशी परिस्थिति असून ती दिसली नाहीं, तरच ती नाहीं असें म्हणण्याचा अधिकार पोंचतो. काळोख्या खोलींत घट दिसला नाहीं, तर त्यावरून घटाविषयीं कांहींच सिद्ध होत नाहीं. सिद्ध होतो तो काळोख.

या कसोटीला आमचे पंधरा दिवस लावून पाहिले. त्या अवधींत वाद्यवृंदाचा एकहि कार्यक्रम नव्हता. पेटी घरांत, शेजाऱ्यांना त्रास होऊं नये म्हणून अगदीं हळू, दिवसाकांठीं पाऊण तास वाजत होती. जी परिस्थिति मिळाली असतां खरखर व्हावयाची, ती तिला आम्हीं मिळूंच दिली नव्हती. भाच्याला हें पटलें. किंवा स्कूटरची गोष्ट ऐकून त्याला माझी दया आली असेल. शनिवारीं दुपारीं आम्ही पेटीपुढें बसलों. मीं त्याला म्हटलें, "आज दोष घालवावयाचा नाहीं. आज तो बोलवावयाचा."

खालच्या बिऱ्हाडाची परवानगी घेऊन आम्हीं आवाज मंडपांत असतो तितका मोठा केला. भाचा जाड तार मोकळी सोडून एकसारखी छेडीत राहिला. खिडक्यांच्या कांचा थरथरूं लागल्या. चाळीस मिनिटांनीं, पेटी चांगली तापल्यावर, खरखर आली. आपले पैसे बुडाले अशा चेहऱ्यानें भाचा माझ्याकडे पाहूं लागला. मला मात्र, खरें सांगतों, हायसें वाटलें.

पुढचें काम सोपें नव्हतें, पण सरळ होतें. एका वेळीं एकच गोष्ट बदलावयाची, आणि फरक पडला नाहीं तर ती पूर्ववत् करून मगच दुसरीला हात घालावयाचा. आपल्याकडे याला अन्वय-व्यतिरेक म्हणतात. इंग्लंडांत जॉन स्टुअर्ट मिल यानें १८४३ सालच्या आपल्या तर्कशास्त्रावरील ग्रंथांत हीच पद्धत नियमबद्ध केली. पेटी उघडावयाची नाहीं हेंहि आम्हीं आधींच ठरवलें. कारण विजेचा प्लग काढल्यावरहि आंतल्या कपॅसिटरांत जीवघेणा भार शिल्लक असूं शकतो, आणि तें काम जाणकाराचें आहे. केबल बदलली, खरखर कायम. मित्राची गिटार लावली; खरखर कायम. दुसरा कर्णा जोडला, तरीहि कायम. म्हणजे दोष अँपमध्येंच होता.

अशा अँपचे दोन अर्धे असतात. पुढचा अर्धा नादाला रंगरूप देतो, मागचा त्याला बळ देतो. या पेटीच्या पाठीमागें दोन सॉकेटें आहेत: एकांतून नाद मध्येंच बाहेर काढतां येतो, दुसऱ्यांतून तो परत आंत घेतां येतो, म्हणजे वाटल्यास मध्यें एखादें निराळें उपकरण बसवतां येतें. दुसऱ्या सॉकेटांत कांहीं घातलेलें नसतें तेव्हां आंतली एक बारीक स्प्रिंगची पट्टी टेंकून दोन्ही अर्ध्यांना जोडते. आम्हीं पहिल्या सॉकेटांतला नाद मित्राच्या अँपकडे नेला. आमची पेटी खरखरत असतांना त्याच्या पेटींतून तोच नाद स्वच्छ येत होता. पुढचा अर्धा निर्दोष! मग मोबाइलमधलें एक गाणें थेट दुसऱ्या सॉकेटांत सोडलें. अर्धा तास मोठ्यानें वाजवलें, खरखर नाहीं. मागचाहि अर्धा निर्दोष! दोघेहि निर्दोष, आणि पेटी सदोष. उरली ती मधली पट्टी. एक आंखूड केबल पहिल्या सॉकेटापासून दुसऱ्यापर्यंत जोडून पट्टीला वगळलें, खरखर थांबली. केबल काढली, थोड्या वेळानें परत आली. असें तीन वेळां केलें, आणि तिन्ही वेळां तसेंच झालें.

भाच्यानें तीं दोन सॉकेटें दोन वर्षांत कधींच वापरलीं नव्हतीं. पट्टीच्या टोंकावर काळपट थर चढला असावा. जाड तारेच्या नादानें पेटी हादरे, पेटीबरोबर पट्टी हादरे, आणि तो अर्धवट सांधा तुटूं-जुळूं लागे. यंत्र स्वतःच्याच आवाजानें स्वतःचा सांधा हलवीत होतें. म्हणूनच तें मंडपांत मोठ्यानें वाजतांना बिघडे, आणि दुकानांत हळू वाजतांना शहाण्यासारखें वागे. त्या संध्याकाळीं भाच्यानें सगळ्या सॉकेटांत प्लग घालून काढला, तेव्हां ती पट्टी किंचित् घासली गेली असणार. सहा कावळ्यांपैकीं एकाचा भार खरोखर फांदीवर पडला होता, पण फांदी तुटली नव्हती. असे सांधे साफ करण्याचा द्रव आणून तो आम्हीं प्लगाच्या साह्यानें नीट लावला, आणि मग पुन्हां त्याच मोठ्या आवाजांत, तीच तार, दोन तास. खरखर आली नाहीं. तें मौन आणि आधींच्या पंधरा दिवसांचें मौन कानाला सारखेंच होतें. पण त्यांच्या किंमतींत जमीन-अस्मानाचें अंतर होतें. जो दोष परत बोलावतां येतो, त्याच्याविषयींच तो गेला असें म्हणतां येतें.

येथें कोणी विचारील कीं, हाच न्याय माणसांना लावावा काय? एखादा तापट गृहस्थ दहा वर्षें रागावलेला नाहीं. त्याचा राग खरोखर गेला कीं नाहीं हें पाहण्यासाठीं त्याला डिंवचावें काय? मला वाटतें, मुळींच नाहीं. यंत्राला संयम नसतो. त्याचें मौन म्हणजे केवळ योगायोग किंवा दुरुस्ती. तिसरा पर्याय नाहीं. माणसाच्या मौनाच्या मागें मात्र त्याचा रोजचा प्रयत्न असूं शकतो, आणि तो प्रयत्न हीच त्याची दुरुस्ती असते. त्याला डिंवचून पाहणारा दोषाची परीक्षा करीत नाहीं, औषधाची नासाडी करतो. दुसऱ्याच्या बाबतींत अपुऱ्या पुराव्यावर विश्वास ठेवणें हाच बहुधा धर्म. स्वतःच्या बाबतींत मात्र ही सवलत घेऊं नये. ज्याला लांच देऊं करणारा कधीं कोणी भेटलाच नाहीं, त्यानें आपल्या निर्लोभीपणाचा बडेजाव मिरवूं नये. ज्याची स्कूटर सपाटीवरच चालली, त्यानें चढाविषयीं ग्वाही देऊं नये. माझे कोणते दोष खरोखर गेले आहेत, आणि कोणत्या दोषांना केवळ संधि मिळाली नाहीं, हें मीं या वयांत तरी स्वतःला विचारावयास पाहिजे.

आणखी एक आक्षेप असा कीं, असा विचार करीत बसलें तर जगांत खरेदी-विक्रीच व्हावयाची नाहीं. कारण प्रत्येक वस्तूंत कोणता ना कोणता दोष निजलेला असणारच. हें खरें आहे. पण विकणाराकडून सर्वज्ञतेची अपेक्षा कोणीच करीत नाहीं. अपेक्षा इतकीच कीं, त्यानें आपलें ज्ञान आणि आपलें अज्ञान दोन्ही जसेंच्या तसें समोर ठेवावें, आणि सोयीचें अज्ञान सांभाळून ठेवूं नये.

रविवारीं तो मुलगा आला. भाच्यानें त्याला सारें सांगितलें: खरखर कशी येई, ती कोठें सांपडली, काय केलें, आणि दमट हवेंत ती पट्टी पुन्हां खराब होऊं शकते हेंहि. ती आंखूड केबल पेटीबरोबर देऊं केली. मुलानें तासभर वाजवून पाहिलें, आभार मानले, विचार करून कळवतों म्हणाला. आणि पुढच्या आठवड्यांत त्यानें दुसरीकडून एक अँप घेतल्याचें कानावर आलें. भाचा मला म्हणाला, "गुरुवारींच विकला असता, तर एक शब्दहि खोटा न बोलतां वीस हजार मिळाले असते." खरें बोलणाराचें अखेर भलेंच होतें, असें त्याला सांगण्याचा मोह मला झाला, पण तेंहि एक न तपासलेलें विधान झालें असतें. मी कांहीं बोललों नाहीं. त्यानें पेटी उचलावयाला मला हांक मारली, आणि आम्हीं दोघांनीं ती पुन्हां कोपऱ्यांत ठेवली. मोठ्या अँपसाठीं तो अद्याप पैसे सांठवतो आहे.

त्या आठवड्यांत मींहि एक पत्र लिहिलें. माझा तो सहकारी निवृत्तीनंतर दुसऱ्या शहरांत राहतो. स्कूटरची खोड मला विकण्यापूर्वींच ठाऊक होती, एवढेंच मीं त्यांत लिहिलें. क्षमा मागितली, कारणें दिलीं नाहींत. चार महिने झाले, उत्तर आलेलें नाहीं. त्याच्या या मौनाचा अर्थ काय, हें मला ठाऊक नाहीं. आणि सोयीचा अर्थ लावण्याचा अधिकार मीं पंचवीस वर्षांपूर्वींच गमावला आहे.